गंजिफाच्या कारागिराशी बोलायला जाताना

सावंतवाडीच्या गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांच्या, जतनावर काम करणार आहेस ना? मग प्रयोगशाळेआधी कारागिराच्या घरी जा. चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, वरून लाख, एवढं पुस्तकातही मिळतं. खळ किती दाट हवी, पावसाळ्यात काय बिघडतं, हे मात्र हातांनाच ठाऊक असतं.

"कोणता रंग वापरायचात?" असं विचारलंस तर एका शब्दात उत्तर येईल. त्याऐवजी दशावतारी जोडाच्या (दहा अवतारांच्या संचाच्या) १२० पानांपैकी दोन-तीन समोर ठेव आणि गप्प बस. बोटं पानावर फिरायला लागली की बोलणं आपोआप सुरू होतं. त्यांचे शब्द मालवणीतच उतरव; 'खळ'चं 'आसंजक' केलंस तर अर्धी माहिती तिथेच हरवते.

आठवण चुकतेही. कारागीर आजोबा हिंगूळ (पाऱ्यापासूनचा लाल रंग) म्हणाले आणि क्ष-किरण तपासणीत पाऱ्याऐवजी शिसं सापडलं, तर त्यांना खोटं ठरवू नकोस. शेंदूर (शिशापासूनचा लाल रंग) कधी आला, नंतरची डागडुजी कुणी केली, हे विचारायला पुन्हा जा. दुसऱ्या भेटीतच खरं काम होतं, असं मला ठामपणे वाटतं.

ध्वनिमुद्रणाआधी संमती घे. एखादी कृती घरातच राहू दे म्हणाले, तर ती लिहू नकोस. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी नक्की पोचव.