जर्मनीत आलोय. इथे गावोगावी वाग्नर या जर्मन ऑपेराकाराच्या चाहत्यांची मंडळं आहेत म्हणे. ऑपेरातलं काही कळत नसताना सभासद व्हावं का?

व्हा. मी सात वर्षं सभासद आहे. त्यातली बहुतेक वर्षं तिथल्या एका आजोबांशी बोलत नाही, तरीही व्हा म्हणतो.

फक्त बायरॉइटच्या, म्हणजे तिथे होणाऱ्या वाग्नरच्या ऑपेरांच्या उत्सवाच्या, तिकिटावर डोळा ठेवून जाऊ नका. पूर्वी तिकिटासाठी आठ-दहा वर्षं थांबावं लागायचं आणि मंडळांना राखीव कोटा असायचा, म्हणून लोक नावं नोंदवायचे. २०११ मध्ये सरकारी लेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं आणि कोट्याला कात्री लागली. आता तिकिटं ऑनलाइन निघतात, नशीब असेल तर मिळतं.

कळण्याचं म्हणाल, तर मला तरी कुठे कळत होतं? मी सांगलीचा. लहानपणापासून कानावर नाट्यगीतं, ऑपेरा औषधालाही नाही. पहिल्या दिवशी मी भारतीय आहे म्हटल्यावर अध्यक्षांनी थेट विचारलं, "मग 'विजेते'बद्दल आपलं मत काय?" वाग्नरने १८५६ मध्ये बुद्धाचा शिष्य आनंद आणि प्रकृती ही चांडाळकन्या यांच्यावर ऑपेराचा आराखडा लिहिला होता. तो आराखड्यापुढे कधी गेला नाही, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी म्हणालो, "विषय चांगलाय." तेवढ्यावर निभावलं.

निभावलं नाही ते गुड फ्रायडेला. त्या सुमारास जर्मनीत बऱ्याच ठिकाणी 'पार्सिफाल' हा वाग्नरचा शेवटचा, धार्मिक वळणाचा ऑपेरा लागतो. मंडळाने बस काढली होती. बसमध्ये कथानक, स्वर, कोण कुठली भूमिका करतंय, सगळं समजावून झालं. एक गोष्ट कोणी सांगितली नाही, कारण ती सगळ्यांना आईच्या पोटातून माहीत होती.

पहिला अंक दीड तासाच्या वर. शेवटी घंटा वाजतात, वरून कुठून तरी एकच आवाज येतो, आणि माझ्या अंगावर काटा आला. पडदा पडला तशी मी टाळी वाजवली. सांगलीत रंगलेलं पद संपल्यावर माणूस गप्प बसला तर लोक विचारतात, बरं नाही का म्हणून. दोनच टाळ्या झाल्या. तिसरीच्या आत शेजारच्या आजोबांनी मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलं, अंगठीचा खडा रुतला. पुढच्या रांगेतून तीन-चार जणांचं "श्श्!" मध्यंतरात सगळे ग्लास घेऊन गोल करून उभे, मी गोलाच्या बाहेर. एका बाईंनी अर्धा ब्रेत्झेल, म्हणजे इथला खारा पाव, दिला, तो मी अजून विसरलेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल: 'नव्या सभासदांच्या माहितीसाठी, पार्सिफालच्या पहिल्या अंकानंतर टाळ्या वाजवत नाहीत.' नवा सभासद त्या वर्षी एकच होता.

मग मी पेटलो. वाचून काढलं. १८८२ मध्ये बायरॉइटला पहिला प्रयोग झाला तेव्हा वाग्नरचं म्हणणं एवढंच होतं की, मध्येच गायकांनी पडद्यासमोर येऊन मानवंदना घेऊ नये, वातावरण मोडतं. प्रेक्षकांनी त्याचा अर्थ टाळ्याच नकोत असा घेतला. शेवटीही सगळे चिडीचूप, तेव्हा वाजवायला हरकत नाही हे त्यालाच सांगावं लागलं. आणि पुढच्या एका प्रयोगात दुसऱ्या अंकातल्या पुष्पकन्यांच्या प्रवेशाला तो स्वतः "ब्राव्हो!" ओरडला, तर लोकांनी त्यालाच श्श् करून गप्प केलं!

वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा मी हे सगळं मांडलं, अडखळत्या जर्मनमध्ये. आजोबा छताकडे बघत होते. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "हो, आम्हाला माहीत आहे. पण आमच्याकडे असंच करतात." मला वाटलं मी पुण्यातच आहे.

त्याच १८८२ मध्ये पुण्यात 'सौभद्र' रंगभूमीवर आलं. आपल्याकडे पुढे 'वन्स मोअर'ने रात्री पहाटेपर्यंत लांबल्या, तो अतिरेक मान्य. पण अंगावर काटा आलेला असताना हात मांडीखाली दाबून बसणं यात कसली आलीय भक्ती? वाजवा खुशाल. हल्ली पुष्कळ ठिकाणी पहिल्या अंकानंतर टाळ्या पडतातच.

हां, तुमचा प्रश्न. वर्गणी फार नसते, आमच्याकडे दोन पिझ्झ्यांएवढी आहे. तिचा एक भाग तरुण कलाकारांना बायरॉइटला पाठवण्यात जातो. तो निधी वाग्नरच्याच इच्छेतून १८८२ पासूनचा. या मंडळांची मूळ संघटना १९०९ मध्ये लायप्झिगला सुरू केली ती बायकांनी. तिकडे सरासरी वय तुमच्या दुप्पट असेल, व्याख्यानं जर्मनमध्ये, आणि वर्षानुवर्षं ओळख असली तरी 'अहो-जाहो'च.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. वाग्नरने १८५० मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलेला लेख गलिच्छ आहे, आणि पुढे हिटलर बायरॉइटला घरच्यासारखा यायचा. आमच्याकडे यावर उघड व्याख्यानं होतात. तुमच्या गावच्या मंडळात हा विषय काढल्यावर कोणी कॉफीचं विचारायला लागलं, तर वर्गणी भरू नका.

यंदा गुड फ्रायडेला पुन्हा बस आहे. आजोबांची जागा माझ्या पुढच्याच रांगेत आहे, मी विचारून घेतलंय.