मराठी कवी ना. वा. टिळकांना ख्रिस्ती होताना नेमकी कशाची किंमत मोजावी लागली?

सर्वांत मोठी किंमत म्हणजे संसार: 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेताच पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांना सुमारे 5 वर्षे दुरावले. तुम्ही त्यागाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, जात आणि आप्तेष्ट सुटले हे तर खरंच, पण त्या काळच्या चित्पावन घरात धर्मांतर म्हणजे पत्नीच्या दृष्टीने नवरा जिवंतपणी गमावणंच होतं. लक्ष्मीबाईंनी हे सगळं 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, माझी माहिती मुख्यतः तिथलीच. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही, पत्नीवर धर्माची जबरदस्तीही केली नाही. ते वाट पाहत राहिले. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी ही वाट पाहण्यात होती, बाप्तिस्म्यात नव्हे. पुढे लक्ष्मीबाई आपलं सोवळं सांभाळतच परत नांदायला आल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम आणि पगारही सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला.

एक मात्र लक्षात घ्या: याला एकट्या टिळकांचा त्याग म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी निदान स्वतः निवड केली होती. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलंही नव्हतं, आणि लेकराला घेऊन पंढरपुरात नातेवाइकांकडे दिवस काढावे लागले ते त्यांना.