‘रुमाली पुरणपोळी’ नव्हे, खापरनी पोई

धुळ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. भाऊ खान्देशी जेवणाचं हॉटेल काढतोय, मेन्यूकार्डावर प्रत्येक पदार्थाखाली एक-दोन ओळी हव्यात. छापखान्यातल्या मुलाने मांड्यांखाली, म्हणजे खापरावर भाजतात त्या मोठ्या पुरणपोळीखाली, लिहून दिलं: ‘खमंग, लुसलुशीत, अस्सल गावरान रुमाली पुरणपोळी’. यातलं ‘खमंग’ बरोबर आहे का, आणि हॉटेलला शोभेल असं कसं लिहावं?

‘खमंग’चं आधी उरकतो. भाजण्या-तळण्याने, फोडणीने जो वास सुटतो आणि जिभेवर येतो तो खमंग. भाजणीचं थालीपीठ खमंग, बेसनाचा लाडू खमंग. आमरस आणि श्रीखंड खमंग नसतात, तरी दोन्ही तसे छापलेले मी वाचले आहेत आणि दर वेळी तिडीक गेली आहे. ‘मग खमंग काकडी कशी?’ असं कोणी विचारेलच. तिथे खमंगपणा काकडीचा नाही, भाजलेल्या दाण्यांच्या कुटाचा आणि वरून घातलेल्या फोडणीचा आहे. मांडा मऊ आणि गोड. त्याला खमंग म्हणायची गरज नाही. ‘लुसलुशीत’ राहू द्या. ‘अस्सल’ काढा; अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, आणि कार्डावरच्या प्रत्येक ओळीला मूळ म्हटलं की तो शब्द फुकट जातो.

पण ‘रुमाली’! रुमाली रोटी ही मैद्याची, आत काही न भरलेली, वेगळ्याच स्वयंपाकघरातली वस्तू. आपल्या पदार्थाला स्वतःचं नाव नाही का? आहे, आणि ते निदान बाराव्या शतकाइतकं जुनं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मण्डक’ येतो. कण्टकाचा काटा झाला, दण्डकाचा दांडा झाला, तसा मण्डकाचा मांडा. तरीही ‘मांडे हा शब्द मांडणे या क्रियापदावरून, कारण ते खापरावर मांडतात’ असं ठासून सांगणारे मराठीचे जाणकार मला भेटतात. भाकरी मांडत नाहीत का? थालीपीठ मांडत नाहीत का? त्यांना कोणी मांडे का म्हटलं नाही? पदार्थ कसा करतात हे न बघता कोशाच्या पानावरून अंदाज बांधला की असं होतं. मांडा आधी मांडत नाहीत, वाढवतात. पुरण भरलेला मऊ उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत ताणायचा, पुरण कुठे फुटू द्यायचं नाही, आणि मग एका झोकात चुलीवरच्या उलट्या खापरावर पसरायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास खान्देशातल्या घरात अर्धा तास बसलात तरी हे दिसेल.

आणि खरा शब्द तो आहे: खापर. संस्कृत कर्पर, खर्पर, प्राकृतात खप्पर, आपलं खापर. कर्पर म्हणजे मडकं, मडक्याचा तुकडा, आणि डोक्याची कवटीसुद्धा. ‘कपाल’ या दुसऱ्या शब्दाचंही तेच. कपाल म्हणजे कवटी, ज्यावरून आपलं कपाळ आलं, आणि कपाल म्हणजे भाजलेल्या मातीची खापरीही. ‘डोक्यावर खापर फोडणे’ या वाक्प्रचारात माझ्या मते हे दोन्ही अर्थ एकमेकांवर आपटतात: कर्परावर कर्पर. हे ओढूनताणून आणलेलं आहे असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं की खापर नेहमी डोक्यावरच का फुटतं, पाठीवर किंवा पायावर का नाही.

या कपालाची खरी गंमत यज्ञात आहे. पुरोडाश म्हणजे यज्ञात देवाला अर्पण करायचा, तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाचा रोट. तो मातीच्या खापऱ्या जुळवून, त्या तापवून त्यांच्यावर भाजत. अग्नीसाठी आठ खापऱ्या, त्या पुरोडाशाला नाव ‘अष्टाकपाल’. अग्नी आणि सोम या जोडीसाठी अकरा, तो ‘एकादशकपाल’. पदार्थाचं नाव काय? ज्यावर भाजला ते. चवीचं एकही विशेषण नाही. आणि आपल्या बाया काय म्हणतात? ‘खापरनी पोई’. नाव ठेवायची रीत तीच, भाजायचं साधन तेच, माती तीच. माझं ठाम मत आहे की तापल्या मातीवर पीठ भाजायची ही रीत लोखंडी तव्याने गावोगाव मागे ढकलली, ती खान्देशाने पुरणासकट सांभाळली. यज्ञाचा आणि चुलीचा संबंध जोडलेला काही पंडितांना रुचत नाही, पण यज्ञातला अग्नी कोणत्या वेगळ्या लाकडाने आणि मातीने पेटत होता?

खापर किती मोलाचं ते मुक्ताईच्या आख्यायिकेतही दिसतं. विसोबाने अडवणूक केली, गावात खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले. पीठ होतं, पुरण होतं. अडलं ते खापरावाचून. जिच्या नावाने आपलं एदलाबाद मुक्ताईनगर झालं, तिचीच ही कथा.

आता हॉटेलला शोभण्याचा प्रश्न. पत्रावळीवर वरण-बट्टी वाढणारं साधं ठिकाण असेल तर नाव पुरे, खाली ओळ नकोच. येणारा माणूस पदार्थ ओळखतो. हमरस्त्यावर बाहेरगावची कुटुंबं थांबणार असतील तर नाव अहिराणीत आणि ओळ साध्या मराठीत द्या. अहिराणीत ‘ची’च्या जागी ‘नी’ येतो, ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून पोळीची पोई आणि कळण्याची भाकरी म्हणजे कयनानी भाकर. हेच हॉटेल यावल-रावेरकडे निघालं तर मात्र ‘ना-नी’ लावू नका. तिथली लेवा गणबोली ‘चा-ची’च वापरते, आणि तिथल्या गिऱ्हाइकाला ही सरमिसळ पहिल्या घासाआधी खटकेल.

ओळीत काय घालावं? जिन्नस, भाजायची रीत, सोबत काय. जिन्नसाचं गाव लिहिणार असाल तर ते खरं असू द्या: जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा मंडईतलं कुठलंही वांगं भाजून त्याखाली ‘जळगावचं’ छापू नका. मी असं लिहीन:

खापरनी पोई. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, चणाडाळ-गुळाचं पुरण. हातावर वाढवून, चुलीवरच्या उलट्या खापरावर भाजलेली. सोबत दूध-तूप, आंब्याच्या दिवसांत रस.

कयनानी भाकर. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून. सोबत ठेचा, कांदा, कच्चं तेल.

वांग्याचं भरीत. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांवर भाजलेलं, लाकडी बडगीत ठेचलेलं. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात.

या तिसऱ्या ओळीत ‘खमंग’ घालायची फार इच्छा असेल तर घाला, इथे तो शोभतो. आणि मांडे गॅसवर लोखंडी कढई पालथी घालून भाजणार असाल, तर पहिल्या नावातलं ‘खापरनी’ काढून टाका आणि नुसतं ‘मांडे’ लिहा.