मी लातूरचा आहे, समुद्र फक्त सहलीत पाहिलाय. स्कुबा करताना पाण्याखालचं जग ओळखायला कसं शिकू?

मी बीडकडचा. माझे साडू अजून म्हणतात, "प्यायला टँकर, आणि हे निघाले समुद्रात बुड्या मारायला!" म्हणून लिहितोय.

पोहायला मी विहिरीत शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट, पुरुषभर खाली गेलं की पाय एकदम गार. पुढं कोर्समध्ये याला थर्मोक्लाइन म्हणतात असं शिकवलं, तेव्हा हसू आलं. त्यामुळं लातूरचा म्हणून कमीपणा घेऊ नका.

पहिल्यांदा साडूंबरोबरच मालवणला गेलो. गाइडनं सिलिंडरला धरून खाली नेलं, हातात ब्रेड दिला, मासे अंगावर आले, व्हिडिओ निघाला. तोल जाऊ नये म्हणून मी एका दगडावर पाय रोवला. तो दगड नव्हताच, प्रवाळ होतं, म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. हे मला दोन वर्षांनी कळलं. गाइडनं तर 'ओके'ची खूण केली होती! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत आहे. साडू तो व्हिडिओ प्रत्येक लग्नात दाखवतात.

स्कुबाचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स केल्यावर कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर गेलो, कॅमेरा न घेता. एका खडकासमोर नुसता तरंगत राहिलो. कुठून तरी करकर ऐकू येत होती. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं येतो, त्यामुळं दिशाच लागत नाही. मान फिरवून दमलो, तेव्हा दिसला पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता, गोठ्यात बैल कडबा खातो तसा आवाज. जरा वेळानं त्यानं मागून पांढऱ्या वाळूचा लोट सोडला. खरवडलेला चुनाच तो, वाळू होऊन बाहेर पडलेला.

साडू म्हणाले, "पुरावा कुठंय?"

तर आधी कशाला न धरता एका जागी तरंगायला शिका, माशांची नावं मागाहून. एका डाइव्हला एकच खडक. रंगावरून ओळखायला जाऊ नका, पाच-सहा मीटरवरच लाल फिका पडतो. तोंडाचा आकार आणि खाणं बघा. बाहेर आल्यावर लगेच वहीत चित्र काढा, वाकडंतिकडं चालेल. ब्रेड देणाऱ्या गाइडला पैसे देऊ नका.

हे सगळं कोर्स केल्यावरच, आणि पावसाळा सोडून. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा, कानाची वाट लागते. ॲडव्हान्स बुडाला तरी.