गवत मोजलं, बाटल्या धुतल्या, आता पुढं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सोलापूरची, जुळे सोलापुरात राहते. बीएस्सी बॉटनी झालंय. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता, वर्गातल्या बऱ्याच जणांनी औषधी वनस्पतींची माहिती नेटवरनं काढून दिली, मी आणि माझी मैत्रीण मात्र मार्डीच्या बाजूच्या माळावर जाऊन गवत मोजायचो. म्हणजे जिथं मेंढरं चरतात तिथं आणि जिथं चराई बंद आहे तिथं एक मीटरची चौकट टाकायची आणि आत काय काय आहे ते लिहायचं, पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत. नंतर एका टिश्यू कल्चर लॅबमधे (बाटलीत रोपं वाढवतात ती) लागले, पण तिथं बाटल्या धुणं, मीडिया म्हणजे रोपांचं खाद्य बनवणं आणि लॅमिनारवर, म्हणजे जंतूविरहित हवेच्या टेबलावर बसून केळीची रोपं कापून नव्या बाटलीत लावणं एवढंच काम, काही विचारलं की "तुला काय करायचंय" हे उत्तर, म्हणून सोडलं. आता घरी आहे. घरचे म्हणायलेत बीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मला झाडांतच काम करायचंय. मुलाखतीला गेलं की रिसर्चचा अनुभव काय विचारतात आणि मला सांगताच येत नाही. हे जे केलं ते रिसर्च आहे का? एमएस्सी कुठून करू, नेटची परीक्षा देऊ का गेटची? सोलापुरात राहून काही होतं का? नाव छापू नका.

उत्तर : गवताचं जे केलंस ते रिसर्चच आहे, ठामपणे सांग. तुझ्याकडं एक प्रश्न होता, चराईनं गवतात काय फरक पडतो. तुलना करायला दोन जागा होत्या, मोजायची ठरलेली पद्धत होती आणि सगळा हंगाम तू परत परत तिथंच गेलीस. अजून काय पाहिजे? फक्त "गवतावर प्रोजेक्ट केला" एवढं बोलून थांबू नको. कुसळी गवत कुठं जास्त होतं, पवन्या आणि मारवेल ही गवतं चराईच्या जागी टिकली का, चौकटी टाकायच्या जागा कशा निवडल्या, एखादं गवत ओळखता आलं नाही तेव्हा काय केलंस, हे सांग. समोरच्याला तेच ऐकायचं असतं.

आणि गवत ओळखता येणं ही साधी गोष्ट नाहीये गं. झाडं ओळखणारे खूप भेटतात, पण भिंग घेऊन गवताच्या तुऱ्यातली एकेक स्पाइकलेट (बारीक फुलांचा झुपका) उघडून बघणारं माणूस शोधावं लागतं. आपला जिल्हा माळांचा, नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं, सगळ्यांचं लक्ष पक्ष्याकडं गेलं आणि ते योग्यच आहे, पण तो पक्षी ज्या गवतात राहतो त्याच्या नोंदी कोण ठेवणार? माळ म्हणजे पडीक जागा असं समजून त्यावर ग्लिरिसिडिया नाहीतर दुसरी कुठलीतरी झाडं लावत सुटायचं हे वर्षानुवर्षं चाललंय, मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि ते थांबवायचं तर तुझ्या वहीत आहेत तसलेच आकडे लागतात. ती वही जपून ठेव. (अभयारण्याच्या हद्दीत काम करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी, मग पाऊल.)

गोळा केलेले नमुने घरात दाबून ठेवले असतील तर ते २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या शीटवर नीट लाव. लेबलवर तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, जमीन कसली होती, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्या नमुन्याला तू दिलेला नंबर, हे सगळं पाहिजे. लेबल नसलेलं रोप म्हणजे नुसता वाळलेला पाला. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, दोन्हीकडं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या रोपांचा संग्रह आहे. आधी मेल करून विचार, ओळख पडताळून मिळते का, त्याच रोपाची दुसरी, डुप्लिकेट शीट ठेवून घेतील का. घेतलं आणि त्यांचा नोंदणी क्रमांक मिळाला तर तो सीव्हीमधे लिही, दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतो तो.

लॅबचं सांगायचं तर ती नोकरी होती, रिसर्च नव्हता, आणि तसंच लिही, फुगवू नको. पण ते वाया गेलं असं अजिबात समजू नको. मुराशिगे-स्कूग मीडिया हातानं बनवणं, पीएच ५.८ ला आणणं, १२१ अंशाला ऑटोक्लेव्हमधे वाफेनं निर्जंतुक करणं, लॅमिनारखाली जंतुसंसर्ग न होऊ देता सबकल्चर म्हणजे रोपं नव्या बाटलीत लावणं, हे एमएस्सी झालेल्या कितीतरी मुलांनी नुसतं जर्नलमधे लिहिलेलं असतं, तू रोज केलंयस. वाईट वाटलं ते एवढंच की शिकायला आलेल्या मुलीला प्रश्न विचारू दिले नाहीत, बाटल्यांत बुरशी का येते हे तिनं विचारलं तर लॅबचाच फायदा होता.

आता एमएस्सी. तुझं पत्र वाचून मला तरी वाटतं तुझा जीव माळावर आहे, लॅबमधे नाही. तसं असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा बॉटनी विभाग बघ. वनस्पती ओळख आणि वर्गीकरणाचं काम तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, डॉ. एस. आर. यादव यांनी खर्चुडी या रानवेलीच्या जातींवर केलेलं काम प्रसिद्ध आहे आणि लीड बोटॅनिकल गार्डनही तिथंच. पुणे विद्यापीठाचीही प्रवेश परीक्षा दे. घरच्या अडचणीमुळं सोलापुरातच करायचं झालं तरी हरकत नाही, फक्त अॅडमिशनच्या आधी जाऊन भेट आणि एकच विचार, शेवटच्या प्रोजेक्टला मुलं फील्डवर जातात का.

नेट का गेट, तर दोन्ही, पण आत्ता नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला देता येते, जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, म्हणजे पीएचडीला घरच्यांकडं हात पसरावा लागत नाही. गेटला लाइफ सायन्सेस पेपरमधे केमिस्ट्री सक्तीची आणि बाकीच्यांतले दोन विषय निवडायचे, त्यात बॉटनी आहे. म्हणून केमिस्ट्री सोडू नको, बॉटनीवाल्या मुली तिथंच अडकतात. शिवाय एमपीएससीची वनसेवा, वनक्षेत्रपालाची पोस्ट, ती बॉटनी पदवीवर देता येते. त्यात लांब अंतर चालायची चाचणी असते, तुला जड जायचं नाही.

सोलापुरात राहून काय होतं असं का विचारतेस? केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून, तेल्या आणि मर रोगानं सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा गेल्या त्यावर तिथं काम चालतं. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. ज्वारीत एम ३५-१ हा वाण मोहोळला स्थानिक मालदांडीतनं निवडून काढलेला, अजूनही पेरला जातो. अशा ठिकाणी प्रकल्पावर ठरावीक मुदतीच्या जागा निघतात, काहींना कृषी पदवीच लागते, काहींना बॉटनी चालते, म्हणून जाहिरातीतली पात्रतेची ओळ आधी वाच. आणि तुझ्या आजूबाजूच्या ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाप्राण्यांच्या नोंदींची) आहे का ते जाऊन बघ, २००२ च्या कायद्यानं ती असायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी गवतांची पानं रिकामी सापडतील. ती भरून द्यायची तयारी दाखव.

बीएड वाईट नाही. शिकवायची आवड असेल तर जरूर कर, घरच्यांना गप्प करायला म्हणून करू नको. त्यांना वही दाखव, गवतं दाखव, पुढच्या दोन वर्षांचा कागद करून दाखव.

प्रश्न : ताई, मी बार्शीचा, अकरावीत आहे. वाळवलेल्या रोपांना बारीक तपकिरी किडे लागले आणि शीट भोकाभोकाची झाली. सर म्हणाले मर्क्युरिक क्लोराइड लावतात. लावू का?

उत्तर : नको रे बाबा, ते पाऱ्याचं विष आहे, घरात आणूसुद्धा नको. ते किडे बहुतेक सिगारेट बीटल असणार. रोप दाबताना पहिले काही दिवस रोज कागद बदल, ओल राहिली की सगळं बिघडतं. पूर्ण वाळल्यावर शीट जाड प्लॅस्टिकमधे हवाबंद करून डीप फ्रीझरमधे आठवडाभर ठेव, घरी नसेल तर आइस्क्रीमवाल्या ओळखीच्या काकांना विचार. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नको, खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर आत दव साठतं. पावसाळा संपला की परत एकदा कर.