इम्पेलरची तुटलेली पाती गेली कुठे?

प्रश्न : माझी २८ फुटांची शिडाची बोट मांडव्याजवळ असते. तिच्यात दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन असून त्याला हीट एक्स्चेंजर (इंजिनमध्ये फिरणारे पाणी समुद्राच्या पाण्याने थंड करणारा भाग) आहे. पावसाळाभर बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात उतरवली, तेव्हापासून इंजिन तापते. मंद गतीवर काही त्रास नसतो. परंतु इंजिनचे फेरे मिनिटाला २,००० च्या वर नेले की दहा-पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा चढतो आणि एक्झॉस्टमधून पाणी कमी व वाफ जास्त येते. मेकॅनिकने समुद्राच्या पाण्याच्या पंपातील इम्पेलर (रबरी पात्यांचे फिरते चाक) बदलला, जुन्याची दोन पाती तुटलेली होती. पण फरक पडला नाही. आता थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी इंजिनमधली झडप) बदलू, असे तो म्हणतो. आपला सल्ला काय?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात. जुन्या इम्पेलरची दोन पाती तुटली होती, पण ती सापडली का, याचा उल्लेख नाही. पंपात ती मिळाली नसतील, तर पाण्याबरोबर पुढे गेली असणार, आणि जिथे अडकली असतील तिथेच आपल्या त्रासाचे मूळ असावे, असे मला वाटते.

थर्मोस्टॅटवर इतक्यात खर्च करू नये, याचे कारणही आपल्याच वर्णनात आहे. आपल्या इंजिनात पाण्याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने कूलंट इंजिनमध्ये फिरत राहते आणि थर्मोस्टॅट त्या वाटेवर असतो. दुसऱ्या वाटेने समुद्राचे पाणी बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून आत येते, गाळणी, पंप आणि हीट एक्स्चेंजर असा प्रवास करून मिक्सिंग एल्बोमध्ये धुराला मिळते व त्याच्यासह बाहेर पडते. थर्मोस्टॅट अडकला असता, तर इंजिन तापले असते, पण एक्झॉस्टचे पाणी कमी झाले नसते. आपल्याकडे ते कमी झाले आहे, म्हणजे अडथळा खाऱ्या पाण्याच्या वाटेवर आहे. मंद गतीवर इंजिनची उष्णता थोडी असल्याने अपुरे पाणीही पुरून जाते. फेरे वाढले की ते पुरत नाही.

तपासणी समुद्राच्या बाजूने सुरू करावी आणि मधला टप्पा गाळू नये. इंजिन बंद ठेवून तळाचा व्हॉल्व्ह बंद करावा, गाळणीकडे जाणारा पाइप गाळणीच्या टोकाशी सोडवावा, त्याचे तोंड बादलीत, पण बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली धरावे आणि हाताशी लाकडी बूच ठेवून व्हॉल्व्ह उघडावा. पाइपभर जोरदार धार यायला हवी. बारीक आली, तर तळाच्या भोकात बार्नकल (बोटीला चिकटून वाढणारे कवचधारी जीव) वाढली आहेत किंवा काही अडकले आहे. मुंबईच्या बंदरात हे अडकलेले बहुधा प्लास्टिकची पिशवी असते. इंजिन चालू असताना ती पाण्याच्या ओढीने तोंडाला चिकटते आणि बंद केले की सुटून जाते, त्यामुळे अशा वेळी बंद इंजिनवर धार चांगली आली तरी निश्चिंत होता येत नाही. आपला त्रास मात्र दर वेळी ठरावीक फेऱ्यांवर होतो, म्हणून मी पिशवीला दोष देणार नाही.

पुढे गाळणी. जाळी स्वच्छ असते, पण झाकणाखालचे रबरी कडे वाळलेले असते, असे पुष्कळदा दिसते. पंप पाणी ओढतो तेव्हा तिथून पाणी गळत नाही, हवा आत शिरते, आणि म्हणूनच ही खोड डोळ्यांना दिसत नाही. झाकण पारदर्शक असेल, तर इंजिन चालू असताना बुडबुडे दिसतात का, ते पाहावे.

आता मूळ मुद्दा. हीट एक्स्चेंजरच्या टोकाची टोपी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर उघडावी. आत पेन्सिलीहून बारीक नळ्यांचा जुडगा दिसेल. माझ्या बोटीवर याच अवस्थेत मी दोन आठवडे पंप आणि गाळणी उघडझाक करण्यात घालवले होते; शेवटी टोपी काढली तेव्हा काळ्या रबराचा नखाएवढा वाकडा तुकडा नळ्यांच्या तोंडावर आडवा बसलेला होता, त्याच्यामागे बार्नकलचा चुरा आणि गंज रोखण्यासाठी बसवलेल्या जस्ताच्या झिजलेल्या कांडीचे खडे साचून निम्म्या नळ्या बंद झाल्या होत्या. तुकडे चिमट्याने काढावेत, पुढे ढकलू नयेत, आणि जुन्या इम्पेलरशेजारी ठेवून जुळवून पाहावेत. दोन्ही पाती पूर्ण जुळेपर्यंत शोध संपला असे समजू नये. इथे न मिळाल्यास पंप व एक्स्चेंजर यांमधील पाइपाच्या वळणांत पाहावे.

इथेही काही निघाले नाही, तर मिक्सिंग एल्बो काढावा. गरम धूर आणि खारे पाणी तिथे एकत्र येतात, त्यामुळे काजळी व मीठ यांचा दगडासारखा थर साचून वाट अरुंद होते.

इम्पेलरची पाती का तुटली, हेही आपल्याला ठाऊक असावे. पावसाळाभर तो पंपात एकाच स्थितीत दाबलेला, कोरडा राहिला. वाकलेल्या पात्यांना तसाच बाक बसतो, मुळाशी चिरा जातात आणि पहिल्याच सुरुवातीला ती तुटतात. पुढच्या वर्षी बोट वर काढताना इम्पेलर बाहेर काढून ठेवावा व बसवताना त्याला ग्रीस न लावता ग्लिसरीन लावावे, कारण काही रबरांना खनिज तेल सोसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत काटा चढू लागला, तर किनारा जवळ आहे म्हणून इंजिन दामटू नये. शीड उभारावे, वारा नसल्यास जहाजांच्या वाटेबाहेर नांगर टाकावा.

प्रश्न : माझे इंजिन सकाळी लवकर सुरू होत नाही. बराच वेळ स्टार्टर मारायचा असल्यास समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, असे ऐकले. ते खरे आहे का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : खरे आहे. स्टार्टरने इंजिन फिरते तेव्हा पंपही फिरतो आणि एक्झॉस्टमध्ये पाणी टाकत राहतो; इंजिन पेटलेले नसल्याने ते पाणी बाहेर ढकलण्याइतका धुराचा जोर नसतो. एक्झॉस्टमधील पाण्याचा डबा भरतो आणि पाणी उलट सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी दबत नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागले नाही, तर व्हॉल्व्ह बंद करावा, सोबत्याला त्याच्यापाशी बसवावे आणि इंजिन लागताच तो उघडायला सांगावे, कारण कोरडा इम्पेलर फार वेळ टिकत नाही. एकटे असाल, तर व्हॉल्व्ह उघडा ठेवून दर दोन-तीन प्रयत्नांनंतर डब्याचे पाणी काढून टाकावे.