हेल्मेट कपाटावरून कोणी काढले?

पत्र: माझे वय ५३ आहे. चौदा महिन्यांपूर्वी जिभेच्या डाव्या कडेला झालेल्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली. त्याच वेळी मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढल्या आणि नंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. आता सर्व तपासण्या चांगल्या आहेत आणि डॉक्टरांनी हळूहळू नेहमीचे आयुष्य सुरू करायला सांगितले आहे. तीस वर्षे मी मोटारसायकल चालवत आलो. आजारपणाचे दिवस खिडकीतून तिच्याकडे पाहतच काढले. मागच्या आठवड्यात मुलाने कपाटावरचे हेल्मेट काढून दिले, पट्टा बांधला आणि मी गाडी बाहेर काढली, तर पत्नी आडवी आली. मरणाच्या दारातून परत आल्यावर पुन्हा तिकडेच कशाला जायचे, असे तिचे म्हणणे आहे. तिने किल्लीही लपवून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर दोन दिवसांची सफर ठरली आहे. एवढा एक आनंदही मला परत मिळू नये का? तिला कसे पटवू?

उत्तर: पत्नीला कसे पटवावे, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचे पत्र मी चार वेळा वाचले आणि चारही वेळा माझी नजर एकाच वाक्यावर अडली, ज्यावरून तुम्ही स्वतः घाईघाईने पुढे निघून गेलात. हेल्मेट मुलाने काढून दिले आणि पट्टाही त्यानेच बांधला. तीस वर्षे मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाच्या बोटांना तो पट्टा इतका सवयीचा झालेला असतो की तो बांधताना त्याला विचारही करावा लागत नाही. मग त्या दिवशी मुलाला हाक का मारावी लागली?

याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, असे मला वाटते. तुमचा डावा हात खांद्याच्या वर जात नसणार. सदरा घालताना आधी डावी बाही चढवावी लागत असणार, मागून कोणी हाक मारली तर नुसती मान न वळता सगळे धड वळत असणार, आणि हनुवटी वर उचलली की जबड्याखालचा वण ताणला जात असणार. पत्रात नसलेले मी बोलते आहे. चुकत असेन तर जरूर कळवा. पण चुकत नसेन, तर तुमची अडचण पत्नी नाही आणि किल्ली तर मुळीच नाही.

कवटीतून बाहेर पडणारा अकरावा मज्जातंतू मानेतून, नेमका त्या गाठींच्या मधून, खांद्याकडे जातो. मानेपासून पाठीवर पसरलेला जो मोठा स्नायू खांद्याचे पाते धरून ठेवतो आणि हात वर जाताना ते फिरवतो, त्याला मुख्यतः हाच मज्जातंतू चालवतो. कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा, मान वळवणारा स्नायूही त्याच्याच अखत्यारीत असतो. १९०६ साली जॉर्ज क्राइल या शल्यविशारदाने मानेच्या गाठी समूळ काढण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात हा मज्जातंतू आणि मान वळवणारा स्नायू गाठींबरोबरच काढला जात असे. पुढे, आजार परवानगी देईल तिथे, मज्जातंतू राखण्याची रीत रूढ झाली. परंतु राखलेला मज्जातंतूही शस्त्रक्रियेत हाताळला आणि ताणला जातो, त्यामुळे तो कित्येक महिने मंदावलेला राहू शकतो. त्या काळात खांदा हलवला नाही, तर सांधा आखडतो आणि मज्जातंतू जागा झाला तरी हात वर जात नाही. त्यात किरणोपचारांमुळे मानेतील ऊती घट्ट होत जातात, आणि उपचार संपल्यानंतरही हे घट्ट होणे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहते. काही न करता वाट पाहत राहिल्याने हे सुटत नाही.

मोटारसायकलीवर बसल्यावर यातले काहीच जाणवत नाही, आणि फसगत होते ती इथेच. हँडल खांद्याच्या खाली असते, डावा हात तिथपर्यंत सहज पोहोचतो, क्लच दाबला जातो आणि सगळे पूर्वीसारखे आहे असे वाटते. पण जोराचा ब्रेक लावला की शरीराचा भार दोन्ही हातांवर येतो, आणि तो पेलायला खांद्याचे पाते मागून घट्ट धरलेले असावे लागते. उभी गाडी डावीकडे कलली, तर तिला सावरायला तोच खांदा लागतो. आरशात न दिसणाऱ्या बाजूला कोणी आहे का, हे पाहायला मान वळावी लागते. मानेऐवजी धड वळले, तर त्याबरोबर हात खेचले जातात आणि गाडीही वळते, तेही तुमचे लक्ष रस्त्यावर नसताना. हेल्मेटचे वजन साधारण दीड किलो असते. ताशी ४० किलोमीटरवरून ८० वर गेलात की डोक्यावर येणारा वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि दोन दिवसांच्या सफरीत तो तासन्‌तास तुमच्या मानेला पेलायचा असतो.

पट्ट्याविषयी मला वेगळे सांगायचे आहे, कारण त्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर जबड्याखालची आणि कानाच्या पाळीजवळची त्वचा पुष्कळदा बधिर राहते. दाढी करताना तुम्हालाही ते जाणवले असेल. किरणोपचार झालेली त्वचा नाजूक असते आणि तिथली जखम उशिरा भरते. पट्टा नेमका तिथूनच जातो आणि तो घासत असला तरी तुम्हाला कळणार नाही. उद्या गाडी चालवू लागलात, तरी हेल्मेट काढल्यावर प्रत्येक वेळी आरशात ती जागा पाहावी लागेल. पट्टा सैल ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. सैल पट्ट्याचे हेल्मेट अपघातात डोक्यावर राहत नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, असे तुम्ही सुचवता. तुम्ही त्यांना मोटारसायकलीविषयी विचारले होते का? हात किती वर जातो, हे दाखवले होते का? तपासणीला गेलेल्या माणसाचे सारे लक्ष आजार परतला का, याकडे असते, आणि ‘सगळे ठीक आहे’ हे ऐकले की तो आनंदाने उठून निघतो. त्यात गैर काही नाही. पण खांद्याविषयी चौदा महिन्यांत एक शब्दही काढला नसेल, तर ती चूक तुमची आहे, आणि तुम्ही आजारातून उठला आहात म्हणून मी तिच्यावर पांघरूण घालणार नाही.

आता तुम्ही एकच काम करायचे आहे आणि ते याच आठवड्यात करायचे आहे. शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल घेऊन आपल्या शल्यविशारदांकडे जा आणि विचारा: माझा अकरावा मज्जातंतू राखला आहे की कापला आहे? त्यांच्यासमोर दोन्ही हात वर करून दाखवा, मान दोन्ही बाजूंना वळवून दाखवा आणि मग सांगा की मला मोटारसायकल चालवायची आहे. अशा रुग्णांचा अनुभव असलेल्या भौतिकोपचार तज्ज्ञाकडे ते तुम्हाला पाठवतील. पाठवले नाही, तर मागून चिठ्ठी घ्या. मज्जातंतू राखलेला असेल, तर चौदा महिन्यांनंतरही सुधारणेला वाव असू शकतो. कापलेला असेल, तर त्या स्नायूचे काम काही अंशी शेजारच्या स्नायूंवर सोपवता येते, पण ते नेटाने शिकवावे लागते. घरी स्वतःच्या मनाने वजने उचलू नका, आधार नसलेला सांधा त्याने अधिक दुखावतो.

माझ्या भावाची अशीच शस्त्रक्रिया झाली होती. तो रोज सकाळी भिंतीसमोर उभा राहून बोटांनी भिंतीवर चढत असे, आणि बोटे जिथे थांबत तिथे पेन्सिलीने बारीक रेघ ओढून शेजारी तारीख लिहीत असे. पहिल्या दोन महिन्यांच्या रेघा एकमेकींना इतक्या खेटून होत्या की तारखा एकमेकींवर चढल्या होत्या आणि वाचता येत नव्हत्या. पुढे रेघांमध्ये बोटभर अंतर पडू लागले. ती भिंत रंगवायला त्याने आजतागायत कोणाला परवानगी दिलेली नाही.

पुढच्या महिन्यातली सफर रद्द करा. ‘पाहू, जमले तर येतो’ असे मोघम न सांगता, या वेळी येत नाही, असे मित्रांना आजच स्वच्छ कळवा. तुम्ही पुन्हा मोटारसायकल चालवावी, असे मला मनापासून वाटते. अशा शस्त्रक्रियेनंतर माणसे पुन्हा चालवू लागतात, आणि आजारपणात खिडकीतून जिच्याकडे पाहत दिवस काढले, ती गाडी केवळ दुसऱ्यांच्या भीतीपोटी विकून टाकावी, असे मी कधीच म्हणणार नाही. पण पहिल्या दिवशी हेल्मेट तुम्ही स्वतः घातलेले असले पाहिजे, पट्टा तुमच्याच बोटांनी बांधलेला असला पाहिजे, दोन्ही खांद्यांवरून मागे पाहता आले पाहिजे आणि रस्ता मोकळा, ओळखीचा, अर्ध्या तासाचा असला पाहिजे.

तुमच्या पत्नीने चौदा महिने तुम्हाला सदरा घालताना पाहिले आहे. खांद्याविषयी बोलायचे सोडून त्या मरणाविषयी बोलल्या आणि किल्ली लपवून बसल्या, हे मला पटलेले नाही. तरीही शल्यविशारदांकडे जाताना त्यांना बरोबर न्या, आणि तिथे पोहोचेपर्यंत किल्लीचा विषय काढू नका. तुमचा हात कुठपर्यंत जातो, हे डॉक्टरांना त्या तुमच्यापेक्षा अचूक सांगतील.